परिचारिका रुग्ण होते तेव्हा : 'डेली डोस ऑफ सनशाइन' या कोरियन मालिकेतील मनोरुग्ण विभागाचे चित्रण

प्रस्तावना

मानसोपचाराच्या वॉर्डात खिडक्यांना पडदे नसतात. पडद्याचे कापड किंवा त्याची दोरी रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ते लावलेच जात नाहीत. 'डेली डोस ऑफ सनशाइन' या दक्षिण कोरियन मालिकेच्या प्रारंभीच ही गोष्ट नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला सांगितली जाते आणि तिचा दुसरा अर्थही लगेच उलगडला जातो : पडदे नाहीत म्हणून रुग्णालयातील इतर कोणत्याही विभागापेक्षा येथे सकाळ आधी होते. मालिकेच्या मूळ कोरियन नावाचा अर्थही 'मनोरुग्ण विभागातही सकाळ होते' असाच आहे. सुरक्षिततेसाठी केलेली एक काटछाट आणि तिच्यातून नकळत आत आलेला उजेड, या दोहोंतील ताण हाच या मालिकेचा गाभा होय. इंग्रजी शीर्षकात मात्र केवळ उजेड उरला आहे, काटछाट नाहीशी झाली आहे.

बारा भागांची ही मालिका ३ नोव्हेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सवरून प्रसारित झाली. दिग्दर्शन ली जे-ग्यू यांचे. ली रा-हा यांच्या चित्रकथेवर ती आधारलेली आहे. ही चित्रकथा आंतरजालावर क्रमशः प्रसिद्ध होत होती आणि तिच्या लेखिकेने स्वतः परिचारिका म्हणून काम केलेले होते. हा तपशील केवळ चरित्रात्मक नव्हे. रुग्णालयीन मालिकांचा दृष्टिकोन बहुधा डॉक्टरचा असतो. निदान हा त्यांतील उत्कर्षबिंदू आणि निदान करणारा हा नायक. येथे दृष्टिकोन परिचारिकेचा आहे. त्यामुळे कथेची लय निदानाची न राहता पाळीची होते. दिवसपाळी, रात्रपाळी, औषधवाटप, नोंदवही, झोप न येणाऱ्या रुग्णाशेजारी बसून राहणे, यांतून कथा पुढे सरकते. मालिकेचे खरे मोल मात्र तिच्या शेवटच्या काही भागांत आहे. रुग्णांची शुश्रूषा करणारी परिचारिका तेथे स्वतः रुग्ण होते, आणि पुढे पुन्हा परिचारिका म्हणून कामावर परतते. यातील 'परतते' या क्रियापदाचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने केला आहे.

पडद्यावरील परिचारिकेची परंपरा

मनोरुग्णालय हे पडद्यावर फार काळ भयाचे ठिकाण राहिले. अमेरिकेतील एबीसी वाहिनीने मार्च २००० मध्ये 'वंडरलँड' ही पीटर बर्ग यांची मालिका सुरू केली. न्यूयॉर्कमधील एका काल्पनिक सार्वजनिक रुग्णालयाचा मानसोपचार विभाग हे तिचे कथास्थळ. पहिल्याच भागात एक मनोरुग्ण भर रस्त्यात गोळीबार करतो आणि गर्भवती महिला डॉक्टरवर रुग्णाकडून हल्ला होतो. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील संघटनांनी या चित्रणावर तीव्र आक्षेप घेतला. प्रेक्षकही मिळाले नाहीत आणि दोन भागांनंतर मालिका बंद झाली. तिची निर्मितिमूल्ये उच्च होती, डॉक्टरांचा थकवा तिने प्रामाणिकपणे टिपला होता, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की रुग्ण म्हणजे केव्हाही फुटणारा स्फोटक पदार्थ हेच तिचे गृहीत होते.

परिचारिकेच्या प्रतिमेचे असेच दोन साचे दिसतात. पहिला साचा जुलमी अधिकारिणीचा. केन केसी यांच्या १९६२ च्या कादंबरीतील आणि मिलोश फोरमन यांच्या १९७५ च्या चित्रपटातील नर्स रॅचेड ही त्याची सर्वपरिचित मूर्ती. २०२० मध्ये तिच्या नावाने स्वतंत्र मालिकाही निघाली. वॉर्डातील शिस्त, औषधांची रांग, गटचर्चा ही सारी उपचाराची साधने तिच्या हाती दमनाची साधने होतात. दुसरा साचा भारतीय प्रेक्षकाला अधिक जवळचा आहे. असित सेन दिग्दर्शित 'खामोशी' (१९६९) हा हिंदी चित्रपट, आणि त्याआधी त्यांनीच केलेला 'दीप ज्वेले जाई' (१९५९) हा बंगाली चित्रपट, हे दोन्ही आशुतोष मुखोपाध्याय यांच्या कथेवर आधारलेले आहेत. 'खामोशी'तील राधा ही मनोरुग्णालयातील परिचारिका. प्रेमभंगाने खचलेल्या पुरुषाला प्रेमाचा आभास देऊन बरे करावयाचे, असा प्रयोग तेथील वरिष्ठ डॉक्टर करतात आणि त्या प्रयोगाचे साधन राधा असते. पहिल्या रुग्णाच्या वेळी ती खरोखरच गुंतते. तो बरा होऊन निघून जातो. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी हीच परीक्षा तिला पुन्हा द्यावी लागते. रुग्ण बरा होतो आणि राधा कोसळते. ज्या खोल्यांत ती सेवेसाठी जात असे, तशाच एका खोलीत अखेर तिला ठेवले जाते.

वहिदा रेहमान यांच्या अभिनयामुळे आणि कृष्णधवल छायाचित्रणामुळे 'खामोशी' आजही अस्वस्थ करतो. डॉक्टरांच्या प्रयोगावरचा त्याचा आरोपही स्पष्ट आहे. असे असले तरी त्याची रचना शोकात्मिकेची आहे. परिचारिका रुग्ण झाली की कथा संपते. खोलीचे दार बंद होते आणि तिच्यासाठी थांबण्याचे वचन देणारा पुरुष बाहेर उभा राहतो. आत गेलेली स्त्री औषधे घेईल, हळूहळू सावरेल, एके दिवशी बाहेर येऊन पुन्हा नोकरीवर रुजू होईल, ही शक्यता त्या काळच्या कथनाला सुचण्यासारखी नव्हती. भारतात तेव्हा १९१२ चा 'लुनसी' कायदा लागू होता. रुग्णाला कोठडीत ठेवण्याची व्यवस्था लावणे हा त्याचा मुख्य हेतू होता. रुग्णाचे पुढचे आयुष्य त्याच्या कक्षेत फारसे येत नव्हते.

नेमके हेच कथानक, म्हणजे रुग्णात गुंतलेली आणि त्यामुळे कोसळलेली परिचारिका, 'डेली डोस ऑफ सनशाइन'मध्ये अर्धशतकानंतर पुन्हा येते. दोन्ही कृतींत प्रत्यक्ष संबंध आहे असे सुचवावयाचे नाही. साम्यामुळे फरक मात्र ठळक होतो.

आजाराची दृश्यभाषा

जंग दा-उन (अभिनेत्री पार्क बो-यंग) ही तीन वर्षे सामान्य रुग्णविभागात काम केलेली परिचारिका मानसोपचार विभागात येते. पूर्वीच्या विभागात तिच्याविषयी तक्रार होती ती अशी, की ती एकेका रुग्णाला फार वेळ देते. तेथील सहकाऱ्यांना तिच्या या स्वभावाचा भार वाटत असे. येथे तोच तिचा गुण ठरतो आणि पुढे तोच तिच्यावर उलटतो.

प्रारंभीच्या भागांत मालिका एकेका रुग्णाची कथा सांगते. संपन्न घरातील, आईने आखून दिलेले आयुष्य जगत आलेली आणि उन्मादावस्थेत दाखल झालेली स्त्री. वरिष्ठाच्या सततच्या अवहेलनेने लोकांसमोर बोलण्याची शक्ती गमावलेला नोकरदार. नोकरी आणि अपत्य यांच्या ओढाताणीत विस्मरणाच्या कडेला पोहोचलेली आई, जिच्या विस्मरणामागे खरे तर नैराश्य असते. या कथांची मांडणी काहीशी ठरावीक आहे. आजार, त्यामागचे सामाजिक कारण, परिचारिकेची सहानुभूती आणि निरोप, या चार पायऱ्या प्रेक्षकाला लवकरच पाठ होतात.

तरीही या भागांतील एक गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. लक्षणांचे वर्णन शब्दांत न करता मालिका ती दृश्यांत उतरवते. दा-उनचा बालमित्र सोंग यू-चान याने मोठ्या कंपनीतील नोकरी सोडली असून तो आईवडिलांच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानात काम करतो. त्याला तीव्र भीतीचे झटके येतात. झटका येतो तेव्हा त्याच्याभोवती पाणी चढू लागते. ते छातीपर्यंत, मग नाकातोंडापर्यंत येते. आजूबाजूचे लोक मात्र कोरडेच असतात. या एका दृश्यकल्पनेत दोन गोष्टी साधल्या जातात. श्वास कोंडल्याचा अनुभव प्रेक्षकाला शारीरिक पातळीवर मिळतो आणि त्याच वेळी इतरांना तो का दिसत नाही हेही कळते. मराठीत 'जीव गुदमरणे' हा शब्दप्रयोग आहेच. येथे तो अक्षरशः पडद्यावर येतो. रुग्णाच्या आत काय चालले आहे हे भीषण संगीताने आणि वाकड्या चेहऱ्यांनी सुचवण्याची जुनी रीत या मालिकेने टाळली, हे तिचे मोठे श्रेय आहे.

रूपकाला मर्यादाही असते. पाणी जितके सुंदर चित्रित केले जाते, तितका आजार सुंदर दिसू लागतो. काही प्रसंगांत प्रकाशयोजना इतकी कोवळी आहे की वॉर्ड हा वॉर्ड न वाटता एखादे विश्रामगृह वाटावे. वसंत कानेटकरांच्या १९५७ च्या नाटकाचे 'वेड्याचं घर उन्हात' हे शीर्षक मराठी वाचकाला येथे आठवणे स्वाभाविक आहे. त्या शीर्षकातील उन्हाला चटका आहे. या मालिकेतील उन्हाला बराच काळ तो नसतो.

चटका बसतो तो किम सो-वान या रुग्णाच्या कथेत.

सो-वान आणि दा-उन

सो-वान (अभिनेता नो जे-वोन) हा सरकारी नोकरीच्या स्पर्धापरीक्षेची वर्षानुवर्षे तयारी करीत राहिलेला तरुण. आपण एका संगणकीय खेळाच्या जगात वावरत आहोत असा त्याचा भ्रम आहे. त्या जगात दा-उनलाही एक पद आहे आणि तो तिला त्याच पदाने आदरपूर्वक संबोधतो. प्रेक्षक प्रथम हसतो. हळूहळू लक्षात येते की हा भ्रम म्हणजे त्या तरुणाचे एकमेव सुरक्षित घर आहे. खेळात निदान नियम ठरलेले असतात आणि श्रमांचे गुण मिळतात. परीक्षेत तसे काही मिळाले नाही. पुण्याच्या पेठांतून अभ्यासिकांत बसलेल्या, वयोमर्यादेचे वर्ष मोजणाऱ्या मुलामुलींना पाहिलेल्या मराठी वाचकाला या व्यक्तिरेखेसाठी कोणतीही टीप लागणार नाही.

मालिकेने येथे एक कठीण सत्य मांडले आहे. भ्रम ओसरणे म्हणजे बरे होणे, असे वैद्यकीय नोंदवहीत लिहिले जाते. सो-वानच्या बाबतीत भ्रम ओसरणे म्हणजे जे टाळण्यासाठी भ्रम निर्माण झाला त्याच्यासमोर पुन्हा उभे राहणे असते. त्याला बाहेर जाण्याचीच भीती वाटते. डिस्चार्जनंतर तो आत्महत्या करतो. मालिका हा मृत्यू रंगवीत नाही, हे तिच्या संयमाचे लक्षण आहे. औद्योगिक देशांच्या ओईसीडी या संघटनेत आत्महत्यांचे प्रमाण दक्षिण कोरियात सर्वाधिक असल्याचे गेली अनेक वर्षे नोंदले जात आहे. त्या समाजासमोर हा विषय मांडताना असा संयम सोपा नसतो.

दा-उन या मृत्यूनंतर कोसळते. प्रथम ती सारे काही ठीक असल्यासारखी काम करते, मग तिला उठता येत नाही. अखेर आईच्या संमतीने, तिच्या स्वतःच्या इच्छेविरुद्ध, तिला मनोरुग्ण विभागात दाखल केले जाते. हे रुग्णालय ती जेथे काम करीत होती ते नव्हे. तेथे ती आपण रुग्ण नसल्याचे सांगत राहते. आपण परिचारिका आहोत, इतरांसारख्या नाही, या तिच्या आग्रहातून मालिकेची सर्वांत बोचरी जाणीव समोर येते : रुग्णांवर मनापासून माया करणाऱ्या या मुलीच्या मनातही 'ते' आणि 'आपण' अशी एक रेघ होतीच. सहानुभूतीने ती पुसली गेली नव्हती, केवळ झाकली गेली होती. पार्क बो-यंग यांचा अभिनय या भागांत अत्यंत तोलाचा आहे. त्यांचा परिचित गोडवा येथे गळून पडतो आणि चेहऱ्यावर काहीच उरत नाही.

इच्छेविरुद्ध दाखल करण्याचा हा प्रसंग कोरियन प्रेक्षकासाठी केवळ कौटुंबिक नाही. पूर्वीच्या कायद्यानुसार दोन पालकांची संमती आणि एका मानसोपचारतज्ज्ञाचा निर्णय एवढ्यावर व्यक्तीला रुग्णालयात ठेवता येत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ही तरतूद राज्यघटनेशी विसंगत ठरवली. ३० मे २०१७ पासून सुधारित कायदा लागू झाला आणि दाखल ठेवण्यासाठी वेगळ्या संस्थेतील दुसऱ्या तज्ज्ञाचे मतही आवश्यक झाले. भारतातही २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा आणि कोणते उपचार हवेत वा नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार दिला. दोन्ही देशांत प्रश्न एकच होता : घरच्या माणसाचे प्रेम हे रुग्णाच्या स्वातंत्र्याची पुरेशी हमी मानावे काय? मालिका या प्रश्नाला स्पर्श करते आणि चटकन पुढे जाते. दा-उनची आई प्रेमळ आहे, तिचा निर्णय योग्य ठरतो, त्यामुळे प्रश्नाची धार बोथट होते. प्रेमळ नसलेल्या घरातील रुग्णाचे काय, हे विचारण्याची संधी येथे गमावली आहे.

परतीचे भाग

'खामोशी' जेथे थांबतो तेथून पुढे जाण्याचे धैर्य मात्र या मालिकेत आहे. दा-उन आजार मान्य करते, औषधे घेते, डिस्चार्ज मिळवते आणि पूर्वीच्याच विभागात पूर्वीच्याच पदावर रुजू होते. बहुतेक मालिकांनी येथे फुले उधळून समाप्ती केली असती. येथे खरा संघर्ष आता सुरू होतो. या परिचारिकेला मानसिक आजार होऊन गेला आहे हे रुग्णांच्या नातेवाइकांना कळते आणि ते विरोध करतात. अशा व्यक्तीच्या हाती आमची माणसे कशी सोपवावीत, असा त्यांचा सवाल असतो.

या प्रसंगातील विदारक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. विरोध करणारे हे लोक अज्ञानी परके नाहीत. त्यांची स्वतःची मुले, भावंडे, जोडीदार त्याच वॉर्डात आहेत. आपला माणूस बरा होऊन नोकरीला लागावा, त्याचे लग्न व्हावे, शेजाऱ्यांनी त्याला स्वीकारावे, अशी त्यांची इच्छा आहे. आणि बरी होऊन नोकरीला लागलेली एक व्यक्ती समोर उभी असताना ते तिला नाकारतात. दा-उनच्या विरोधात बोललेला प्रत्येक शब्द ते आपल्याच माणसाच्या भविष्याविरुद्ध बोलत असतात. कलंक हा बाहेरच्या समाजाकडून रुग्णाच्या घरावर लादला जातो, अशी सर्वसाधारण मांडणी केली जाते. तो घरातही मुरलेला असतो आणि ज्यांना त्याची सर्वाधिक झळ बसते तेच तो सर्वाधिक जपतात, हे या भागाने दाखवले. मानसिक आजारावरील लोकप्रिय मालिकांत इतके नेमके निरीक्षण क्वचित आढळते.

दा-उन कोणत्याही चमत्काराने सर्वांची मने जिंकत नाही. ती औषधवाटपाची गाडी घेऊन फेरीला निघते, नोंदी करते, रुग्णांशी बोलते. तिची बाजू ती कामातून मांडते. नर्स रॅचेडच्या हाती वॉर्डाची शिस्त ही सत्ता होती आणि राधेसाठी सेवा म्हणजे आत्मसमर्पण होते. दा-उनसाठी परिचर्या हा पेशा आहे, ज्यात माणूस आजारी पडतो, रजा घेतो आणि परत येतो. मधुमेह झालेल्या परिचारिकेविषयी जो प्रश्न कोणी विचारणार नाही, तो हिच्याविषयी का विचारला जातो, एवढेच मालिका सुचवते.

चौकटीबाहेरचे वॉर्ड

प्रेमकथेविषयी फारसे लिहिण्याचे कारण नाही. मूळव्याध-भगंदरावर उपचार करणारा, बोटे मोडण्याच्या सवयीने पछाडलेला डॉक्टर, बालमित्र आणि नायिका असा त्रिकोण मालिकेच्या विक्रीयोग्यतेसाठी आवश्यक असावा. सहकारी परिचारिका मिन दुल-रे हिच्या उपकथेत तिची आई आणि कर्ज यांचे ओझे आहे. त्यात अधिक कस होता, पण तिला पुरेसा अवकाश मिळालेला नाही.

अधिक गंभीर आक्षेप मालिकेने निवडलेल्या वॉर्डाविषयी आहे. हा विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयातील, रुग्णाला काही आठवड्यांत घरी पाठवणारा विभाग आहे. कोरियातील मानसोपचाराचे सारे वास्तव असे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये छंगदो येथील एका रुग्णालयाच्या बंदिस्त मानसोपचार विभागात कोविडची लागण झाली आणि तेथील जवळजवळ प्रत्येक रुग्ण बाधित झाला. देशातील पहिला कोविड-मृत्यू याच विभागातील, दीर्घकाळ तेथेच राहिलेल्या रुग्णाचा होता. दाटीवाटीने ठेवलेल्या, वर्षानुवर्षे बाहेर न पडलेल्या माणसांचे ते जग त्या मृत्यूंमुळे प्रथमच वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. मालिका त्यानंतर तीन वर्षांनी आली. त्या वॉर्डांतही पडदे नसतील. तेथे सकाळ कशी होते, हा प्रश्न मालिकेच्या शीर्षकाने निर्माण केला आहे आणि तिच्या कथानकाने टाळला आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचा इतिहास ठाऊक असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला ही उणीव विशेष जाणवेल.

या आक्षेपाला मालिकेत एकाच ठिकाणी अंशतः उत्तर मिळते, आणि ते प्रमुख परिचारिका सोंग ह्यो-शिन (अभिनेत्री ली जंग-उन) हिच्या घरी. करारी, मितभाषी, कोणाचीही गय न करणारी ही स्त्री. तिच्या धाकट्या बहिणीला छिन्नमनस्कता आहे, हे प्रेक्षकाला उशिरा कळते. वॉर्डात ती परिचारिका असते, घरी गेल्यावर रुग्णाची नातेवाईक. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या मराठी चित्रपटात भावाच्या याच आजारासोबत जगणारी बहीण होती. तिच्या चेहऱ्यावरचा सततचा अदमास घेण्याचा भाव ह्यो-शिनच्याही चेहऱ्यावर दिसतो. दा-उनच्या मागे उभे राहताना ह्यो-शिन आपल्या विभागातील कर्मचाऱ्याचा बचाव करीत आहे की बहिणीसाठी जगात एक जागा राखून ठेवत आहे, हे वेगळे करता येत नाही. तिच्या बहिणीचा आजार दा-उनच्या आजारासारखा काही महिन्यांत ओसरणारा नाही. तिच्यासाठी परतीचा कोणताही सोहळा होणार नाही. पाळी संपवून घरी गेलेल्या ह्यो-शिनला दुसऱ्या दिवशीही तेच घर, तीच बहीण आणि त्याच शेजाऱ्यांच्या नजरा असतात, आणि मालिका या घरात आणखी थोडा वेळ थांबावयास हवी होती.